डेटाबेसला मिळालेली खोटी पोचपावती

या महिन्यात बऱ्याच पत्रांत एकच दुखणे होते: काल चालणारी डेटाबेसची फाइल आज उघडत नाही. त्यातली चार नागपूरची पत्रे निवडली आहेत. पत्रे थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावे मागितल्याप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : ताई, कळमना मार्केटात माझी संत्र्याची अडत आहे. बिलं, हिशोबपट्ट्या, हमाली, तोलाई सगळं लिनक्सच्या एका छोट्या डब्यावर चालतं. आंबिया बहाराची आवक जोरात असताना एका सकाळी 'डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड' असं आलं. सॉफ्टवेअरवाल्या पोरानं मुख्य फाइलच्या बाजूची 'वॉल' नावाची फाइल उडवली, मग जुना बॅकअप टाकला. चार दिवस चाललं, पुन्हा तेच. तो म्हणते, तुमची लाइट जाते म्हणून होऊन राहिलं. पण माझ्याकडे इन्व्हर्टर आहे, आणि दुसऱ्या वेळी तर लाइट गेलीच नव्हती. दोष कोणाचा? आणि शेतकऱ्यांचे हिशोब परत मिळतील का?

उत्तर : भाऊ, आधी त्या डब्यावरचे काम थांबवा. तिसऱ्यांदा बॅकअप टाकू नका. चार दिवसांत ज्या डिस्कवर फाइल पुन्हा बिघडली, तिच्यावर उरलीसुरली चांगली प्रत ठेवायची नाही. तोवर पट्ट्या हाताने लिहा. तुमच्या वडिलांच्या काळात लिहीत होते तशाच.

संदेशावरून कळते की तुमच्या सॉफ्टवेअरच्या पोटात एसक्यूलाइट आहे. हा डेटाबेस २००० सालापासून आहे, जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये आहे, आणि त्याच्या स्वतःच्या चुकीमुळे फाइल बिघडणे फार क्वचित घडते. तो नोंद लिहितो आणि खालच्या थराला विचारतो, 'डिस्कवर पोचली का?' फाइल सिस्टीम (कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशोब ठेवणारी व्यवस्था) आणि डिस्क मिळून 'पोचली' म्हणतात. रजिस्टर्ड पत्राची पोचपावती हातात आल्यावर आपण जसे निर्धास्त होतो, तसा तो निर्धास्त होऊन पुढच्या कामाला लागतो. पावती खोटी असेल तर ते कळायला त्याच्याकडे मार्गच नाही. म्हणून फाइल दुरुस्त करण्याआधी पावती कोणी खोटी दिली ते शोधायचे. तुमच्याकडे हे शोधलेच गेले नाही, म्हणून चार दिवसांनी पुन्हा तेच झाले.

पहिले काम प्रत घेण्याचे. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि 'डीडीरेस्क्यू'ने संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा वेगळ्या डिस्कवर उतरवा. यापुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेच्या प्रतीवर. मूळ डिस्कवर 'एफएससीके' ही दुरुस्तीची आज्ञा चालवू देऊ नका. ते फाइल सिस्टीमची रचना सुसंगत करण्यासाठी आहे, तुमच्या पट्ट्या वाचवण्यासाठी नाही, आणि रचना जुळवताना फाइलचा तुकडा छाटायलाही ते मागेपुढे पाहत नाही.

आता त्या उडवलेल्या 'वॉल' फाइलबद्दल. ती कचरा नव्हती. या पद्धतीत नव्या नोंदी आधी 'वॉल'मध्ये जातात आणि साधारण हजार पाने (पान म्हणजे फाइलचा ठरावीक आकाराचा तुकडा) साठली की मुख्य फाइलमध्ये उतरतात. पान ४०९६ बाइटचे धरले तर हे चार एमबीच्या आसपास होते. एखाद्या अडतीचा कित्येक दिवसांचा व्यवहार एवढ्यात मावू शकतो. म्हणजे पोराने जे उडवले त्यात शेवटच्या, पक्क्या झालेल्या पट्ट्या असू शकतात. शिवाय नोंदी अर्ध्या उतरलेल्या असताना 'वॉल' गेली तर मुख्य फाइल आणखी मोडते. एसएसडीवर ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी करण्याची सोय, चालू असेल तर उडवलेली फाइल परत मिळण्याची आशा कमी. तरी प्रतिमेत शोधून बघा. यापुढे कोणीही दुरुस्तीला आले तर सांगा, मुख्य फाइल आणि 'वॉल' नेहमी जोडीने उचलायच्या.

मग जखमेचा आकार पाहायचा. मला या कामात सगळ्यात उपयोगी वाटत आलेली हीच पायरी आहे, आणि बहुतेक दुरुस्तीवाले तीच गाळतात. बिघडलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उघडली की दोष कुठल्या थरातला आहे याचा अंदाज येऊ लागतो. सुरुवातीच्या सोळा बाइटांत 'एसक्यूलाइट फॉरमॅट ३' हे शब्द दिसले पाहिजेत. तिथे भलतेच काही असेल तर फाइलच्या डोक्यावरच कोणीतरी लिहिले आहे. मध्येच ४०९६ च्या पटीत सुरू होऊन ४०९६ च्या पटीतच संपणारा शून्यांचा पट्टा असेल तर संशय फाइल सिस्टीमवर किंवा एसएसडीवर: जागा दिली, पण मजकूर पोचलाच नाही. पट्ट्यांच्या मधोमध एखाद्या छायाचित्राचा किंवा लॉगचा (प्रोग्रामने ठेवलेल्या घडामोडींच्या नोंदीचा) मजकूर सापडला तर दोन शक्यता. एकतर फाइल सिस्टीमने एकच जागा दोन फाइलींना दिली, किंवा त्याच प्रोग्रामने आपला लॉग चुकून डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहिला. एखाद्या आकड्यात फक्त एकच बिट उलटला असेल तर डिस्क सोडा, रॅम तपासा. फाइल मध्येच तुटलेली असेल तर तिचा आकार आणि तिच्याच मथळ्यात नोंदलेली पानांची संख्या जुळते का, ते बघा.

याच्या जोडीला कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग वाचा. 'आय-ओ एरर', 'एक्स्टफोर-एफएस एरर', 'रिमाउंटिंग फाइलसिस्टिम रीड-ओन्ली' यांपैकी काही असेल तर तारीख आणि वेळ टिपून ठेवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्या 'स्मार्ट'च्या अहवालात ५, १९७ आणि १९८ क्रमांकांच्या नोंदी बघा: बदललेले सेक्टर, वाचता न आल्याने खोळंबलेले सेक्टर, आणि वाचताच न येणारे. १९९ क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर डिस्क बहुधा ठीक आहे आणि साटाची केबल खराब आहे. काही रुपयांच्या केबलसाठी लोक डिस्क बदलतात. रॅमची चाचणी रात्रभर चालू द्या. डिस्क स्वस्तात घेतलेली असेल तर, प्रतिमा सुखरूप झाल्यावर, 'एफथ्री'ने ती पूर्ण भरून परत वाचून बघा. खोट्या क्षमतेच्या डिस्क बाजारात आहेत. त्या ठरावीक हद्दीपर्यंत नीट चालतात, आणि त्यापुढचे लिखाण हरवतात किंवा जुन्यावर लिहितात. तेव्हाही 'पोचले' असेच सांगतात.

लाइटबद्दल पोराचे म्हणणे अगदीच चूक नाही. इन्व्हर्टर आणि यूपीएस एक नव्हेत. साध्या मोडवर असलेला इन्व्हर्टर बॅटरीवर जायला एवढा वेळ घेतो की संगणक बंद पडून पुन्हा सुरू होऊ शकतो. मागे यूपीएस मोडची खटकी असेल तर ती लावा. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर हातातले लिखाण पुरे करण्यापुरते कपॅसिटर नसतात, त्यामुळे ते लिखाण हरवू शकते. मात्र दुसऱ्या वेळी वीज गेलीच नव्हती, हे तुमचेच निरीक्षण आहे आणि त्याने वीज हे एकमेव कारण राहत नाही.

त्या पोराला एक प्रश्न नक्की विचारा: बॅकअप कसा घेतोस? प्रोग्राम चालू असतानाच तो डेटाबेसची फाइल साध्या फाइलसारखी उघडून, वाचून, बंद करत असेल तर दोष त्याचा असू शकतो. लिनक्समध्ये एखाद्या प्रक्रियेने फाइल अशी बंद केली की त्या प्रक्रियेची त्या फाइलवरची सगळी कुलपे सुटतात, एका वेळी एकानेच लिहावे म्हणून एसक्यूलाइटने लावलेलीसुद्धा. मग दोन खिडक्यांवरून एकाच वेळी लिखाण होऊ शकते.

हिशोब परत मिळण्याबद्दल: प्रतीवर आधी 'इंटिग्रिटी चेक' चालवा, मग 'रिकव्हर' आज्ञेने शाबूत नोंदी नव्या फाइलमध्ये काढा. ही आज्ञा २०१९ पासून एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमध्ये आहे. कुठल्या तक्त्यातल्या ते न कळलेल्या नोंदी ती 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या तक्त्यात ठेवते. तिने काढलेल्या नोंदींत पूर्वी रद्द केलेली बिलेही जिवंत होऊन येऊ शकतात, म्हणून जे आले ते सगळे खरे धरू नका. आणि 'इंटिग्रिटी चेक'ने 'ओके' म्हटले तरी समाधान मानू नका. ती तपासणी फाइलची रचना बघते. एखाद्या रकान्यात ४,८०० चे ४,३०० झाले असतील तर तिला ते कळायचे नाही, कारण मुख्य फाइलमध्ये मुळात चेकसम (मजकूर बदलला का ते ओळखायला त्यावरून काढलेला पडताळ्याचा आकडा) नसतो. काटोल-नरखेडहून माल घेऊन आलेल्या माणसाची ती वर्षाची कमाई आहे. काटाचिठ्ठ्या आणि छापील हिशोबपट्ट्यांच्या स्थळप्रती घेऊन बसा आणि त्या दिवसांचा प्रत्येक आकडा ताडून घ्या. वेळ लागेल. लागू द्या.

नव्या डिस्कवर आल्यावर बॅकअप डेटाबेसच्याच 'बॅकअप' किंवा 'व्हॅक्यूम इन्टू' आज्ञेने घ्या, घेतलेली प्रत लगेच तपासा, आणि जुन्या प्रतींवर नवी लिहू नका. निदान महिनाभराच्या वेगवेगळ्या प्रती हव्यात, कारण बिघाड लागतो एका दिवशी आणि दिसतो कधीतरी नंतर.

प्रश्न : मॅडम, धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी तंत्रज्ञ आहे. अहवालांचा डेटाबेस पोस्टग्रेस ९.६.१० वर आहे. लॉगमध्ये एकदा 'कुड नॉट एफसिंक फाइल' आणि पुढे 'इनपुट/आउटपुट एरर' अशी ओळ आली. नंतर काहीच नाही, सगळे सुरळीत. आठवड्याने सर्व्हर बंद करून सुरू केला तर 'इनव्हॅलिड पेज इन ब्लॉक' येऊ लागले आणि काही रुग्णांचे अहवाल उघडत नाहीत. एकच एरर येऊन गेली, नंतर आठवडाभर ठीक होते, मग हे कसे?

उत्तर : त्या एका ओळीतच सगळे आले होते. तुम्ही ती ओळ टिपून ठेवलीत, त्याबद्दल मनापासून कौतुक.

पोस्टग्रेस लिहितो तेव्हा मजकूर आधी लिनक्सच्या स्मृतीत जातो. थोड्या वेळाने पोस्टग्रेस 'एफसिंक' करतो, म्हणजे आता हे खरोखर डिस्कवर उतरवून मला सांग. डिस्कने नकार दिला तर कर्नल चूक कळवतो, पण एकदाच. त्यानंतर एक्स्टफोरसारख्या फाइल सिस्टीममध्ये ते पान 'स्वच्छ' म्हणून खुणावले जाते, जणू लिहून झाले. जुना पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा 'एफसिंक' करून बघायचा. दुसऱ्या वेळी उत्तर यायचे 'झाले', कारण कर्नलच्या लेखी लिहायचे काही उरलेलेच नसायचे. पोस्टग्रेस त्यावर विश्वास ठेवून पुनर्प्राप्तीसाठी राखलेला लॉग पुसायचा. खरा मजकूर तेव्हा फक्त स्मृतीत असायचा. सर्व्हर चालू होता तोवर तुम्हाला अहवाल दिसत राहिले ते स्मृतीतून. बंद केला आणि डिस्कवरचे खरे चित्र समोर आले.

पोस्टग्रेसच्या विकासकांपुढे ही गोष्ट क्रेग रिंगर यांनी २०१८ च्या मार्चमध्ये आणली, आणि तेव्हा जाणत्या लोकांनाही धक्का बसला होता. कित्येक वर्षे सगळे जण गृहीत धरून चालले होते की 'एफसिंक' फसला तर पुन्हा करता येतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या ११.२, १०.७, ९.६.१२ वगैरे आवृत्त्यांत वागणे बदलले. आता 'एफसिंक' फसला की पोस्टग्रेस ताबडतोब थांबतो आणि आपल्या लॉगवरून ते काम नव्याने करतो. तुमची ९.६.१० त्याच्या आधीची आहे. ९.६ ची दुरुस्ती तर २०२१ च्या नोव्हेंबरनंतर बंदच झाली आहे.

आता काय करायचे? पोस्टग्रेस बंद करा आणि संपूर्ण डेटा डिरेक्टरीची प्रत घ्या, पुनर्प्राप्तीचा लॉग ज्यात असतो त्या 'पीजी-एक्सलॉग'सकट. नावात 'लॉग' आहे म्हणून हे फोल्डर पुष्कळांनी जागा करण्यासाठी पुसले आहे. त्याच कारणाने आवृत्ती १० पासून त्याचे नाव 'पीजी-वॉल' केले गेले. कोणी तो लॉग टाकून देणारी 'पीजी-रिसेटएक्सलॉग' आज्ञा चालवा म्हणाले तर नाही म्हणा. संदेशातल्या फाइल क्रमांकावरून बिघडलेली फाइल तक्त्याची आहे की इंडेक्सची (नोंदी पटकन शोधण्यासाठीच्या सूचीची), ते काढा. इंडेक्स असेल तर नशीब. तो तक्त्यावरून नव्याने बांधता येतो. तक्ता असेल तर त्या ८ केबीच्या पानाच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी वेगळ्या काढून घ्या. 'झिरो डॅमेज्ड पेजेस' हा पर्याय ते पान कोरे धरून पुढे जातो, म्हणून तो फक्त प्रतीवर आणि अगदी शेवटी.

मग नवी डिस्क, आजही दुरुस्ती मिळणारी आवृत्ती, आणि चेकसम चालू. चेकसम ९.३ पासून मिळतात, पण सुरुवातीलाच मागून घ्यावे लागत. १२ पासून बंद केलेल्या डेटाबेसवर नंतरही लावता येतात, आणि १८ पासून ते आपोआप चालू असतात. एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. मजकूर डिस्कवर गेलाच नाही आणि जुने पान तसेच राहिले, तर त्या जुन्या पानाचा चेकसम बरोबरच निघतो. अशा हरवलेल्या लिखाणासाठी 'ॲमचेक'ने तक्ता आणि इंडेक्स एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

ज्या रुग्णांचे अहवाल त्या पानावर होते त्यांची यादी डॉक्टरांना आजच द्या. तपासणी यंत्राच्या स्वतःच्या स्मृतीत निकाल असतील तर यंत्र जुने निकाल पुसण्याआधी ते काढून घ्या. नसतील तर रुग्णाला फोन करून पुन्हा नमुना मागावा लागेल. तो फोन टाळू नका. कोणाच्या तरी औषधाची मात्रा त्या आकड्यावर ठरत असते.

प्रश्न : ताई, मी हिंगणा रोडवरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात, फाइल सिस्टीममध्ये बग असणे ही डेटाबेसवाल्यांची सबब आहे, एवढ्या वापरलेल्या कोडमध्ये बग राहतच नाहीत. खरे आहे का?

उत्तर : सरांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे: पुराव्याशिवाय खालच्या थराला दोष देऊ नये. पण बग राहतात, आणि त्यांच्या तारखा नोंदलेल्या आहेत.

२०१८ च्या शेवटी लिनक्स ४.१९ वर लोकांच्या फाइली बिघडू लागल्या. सगळ्यांनी एक्स्टफोरला धारेवर धरले. शोध घेतल्यावर दोष निघाला फाइल सिस्टीमच्याही खालच्या ब्लॉक थरात, डिस्ककडे विनंत्या पाठवणाऱ्या कोडमध्ये. हे प्रकरण मुळातून वाच. चुकीच्या थरावर बोट ठेवणे किती सोपे असते ते त्यात दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये मात्र दोष खरोखर एक्स्टफोरमध्ये होता, कर्नल ६.१.६४ मध्ये. डेबियन या लिनक्स वितरणाने १२.३ आवृत्ती थांबवली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ दिली. त्याच्या आदल्याच महिन्यात ओपन-झेडएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टीममध्ये नक्कल केलेल्या फाइलींत मजकुराच्या जागी शून्ये निघाली. संशय २.२.० मधल्या नव्या ब्लॉक-क्लोनिंगवर (मजकूर पुन्हा न लिहिता नक्कल करण्याच्या सोयीवर) गेला, २.२.१ मध्ये ते बंद केले गेले, आणि मग कळले की मूळ दोष त्याहून कितीतरी जुना आहे. क्लोनिंगमुळे तो फक्त वारंवार दिसू लागला होता. तो २.२.२ आणि २.१.१४ मध्ये दुरुस्त झाला. झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवते, पण इथे चुकीचीच शून्ये नीट चेकसमसह लिहिली गेली होती.

डिस्कच्या फर्मवेअरचे, म्हणजे डिस्कच्या आतच चालणाऱ्या प्रोग्रामचेही सांगते. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल तातडीची सूचना काढली: ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षे २७० दिवस ८ तासांनी, त्या पूर्ण बंद पडतात. तो आकडा दोनाचा पंधरावा घात आहे हे तुझ्या लगेच लक्षात येईल. एकाच दिवशी लावलेल्या चार डिस्कचा रेड (एक डिस्क गेली तरी मजकूर राहावा म्हणून केलेली जोडणी) असेल तर चारही जवळपास एकाच वेळी जाणार, आणि मग रेडचा उपयोग शून्य.

प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर आभासी मशीनमध्ये 'डीएम-फ्लेकी' लाव. डिस्क मुद्दाम लिखाण गाळू लागते. त्यावर एसक्यूलाइट, पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल चालवून कोण केव्हा ओरडतो ते नोंदव, आणि ती नोंदवही सरांना दाखव.

प्रश्न : महालात आमचे छोटे वाचनालय आहे. ग्रंथनोंदीच्या डेटाबेसची प्रत मी एका एसएसडीवर काढून वरच्या मजल्यावरच्या लोखंडी कपाटात ठेवली आहे, वर पत्र्याचे छप्पर. उन्हाळ्यात काही होईल का?

उत्तर : काका, नागपूरचा मे महिना आणि पत्र्याखालचे लोखंडी कपाट, दोन्ही एसएसडीला मानवणारे नाहीत. एसएसडीत मजकूर विद्युतभाराच्या रूपात साठतो आणि वीज न देता ठेवली तर तो भार हळूहळू गळतो. उष्णतेत लवकर गळतो. जेडेक या मानकसंस्थेच्या निकषानुसार, घरगुती वापराच्या एसएसडीने लिखाणाची पुरी मर्यादा वापरून झाल्यावरही ३० अंशांत वर्षभर मजकूर टिकवला पाहिजे. तुमची डिस्क नवी असेल तर ती याहून बरीच जास्त टिकेल, म्हणून घाबरू नका, पण तुमच्या वरच्या मजल्यावर मे महिन्यात ३० अंश कधी असतात?

डिस्क खालच्या, सावलीच्या खोलीत आणा. दुसरी प्रत साध्या हार्ड डिस्कवर काढून वाचनालयाबाहेर कोणाच्या तरी घरी ठेवा. दोन्हींवर फाइलींचे चेकसम एका कागदावर लिहून चिकटवा, आणि होळीच्या सुमारास व दिवाळीला दोन्ही जोडून फाइली पूर्ण वाचून ते पुन्हा काढा. जुळले नाहीत तर दुसऱ्या डिस्कवरची प्रत ताबडतोब तिसऱ्या जागी उतरवा आणि मला कळवा. ग्रंथनोंदीचे जुने हस्तलिखित रजिस्टर अजून असेल तर तेही टाकू नका.